पोरं घरात, नुमाईश दारात

— काय हो काकू, अंबाडी निवडताय? थांबा, मीही तुरीच्या शेंगा घेऊन येते. डबा भिंतीवर ठेवला तर चालेल ना?

— ठेव की. पण साडेअकराच वाजलेत. तुझी शाळा सुटली इतक्यात?

— सुटली नाही, मीच सोडली. थोरला तासभर पुस्तकापुढं बसलाय, पान एकच. धाकटी तर सरळ म्हणते, आई, तू ओरडलीस तर उघडते वही. मला आता ओरडायचासुद्धा कंटाळा आलाय.

— मी काही बोलायची नाही बाई, तुमचं तुम्ही जाणता. पण विवेकवर्धिनी हाकेच्या अंतरावर! केशवराव कोरटकरांच्या वेळची शाळा, शंभरी उलटून गेली तिची. मराठी हैदराबादच्या किती पिढ्या तिथून शिकून बाहेर पडल्या, आणि जामबागेत राहून तुझी पोरं घरात. आमचे हे रोज विचारतात, आज तरी गेली का म्हणून.

— काकांना सांगा, नाही गेली.

— अगं पण थोरला पंधराचा झाला. दहावीचा कागद लागतोच की नाही?

— तो मिळतो हो. एनआयओएस म्हणजे मुक्त विद्यालय, केंद्र सरकारचंच. चौदा पूर्ण झाली की दहावीला बसता येतं. पाच विषय, तेही एका दमात द्यायची सक्ती नाही. वर्षातून दोनदा परीक्षा आणि पाच वर्षांत नऊ संधी. मराठी विषयसुद्धा घेता येतो, घेतलाय त्यानं.

— नऊ संधी! मग तो कशाला अभ्यास करेल?

— बघा, एका वाक्यात माझं दुखणं सांगितलंत. शाळेत चाचणी असते, सहामाही असते, गॅदरिंग असतं, शेजारच्या बाकावरचा पुढं गेला म्हणून जळफळाट असतो. वर्ष आपोआप ढकललं जातं. घरात ढकलणारी मी एकटी. लहान होती तेव्हा गोष्ट सांगून, रंग देऊन भागायचं. आता मिशा फुटायला लागल्यावर काय सांगणार? दिवाळीपर्यंत जोर असतो, मग डिसेंबर आला की गाडी रुतते. माझी नणंद न्यू जर्सीला असते, तीही मुलीला घरीच शिकवते. ती म्हणते, थंडीत पोरांना पांघरुणात घेऊन बस, गरम कोको दे, पुस्तकं वाच. तिचं तिला ठीक आहे. तिथं बर्फ पडतो, साडेचारला अंधार होतो. आपल्याकडं कसली आलीय थंडी?

— असं कसं, परवा पहाटे मी कानाला रुमाल बांधला होता.

— पहाटे तेरा-चौदा डिग्री झाली की आपण सगळेच बांधतो. पण आत्ताचं हे ऊन बघा, उठून जावंसं वाटतंय का? मे महिन्यात पारा चाळीसच्या वर, तेव्हा गच्चीवर पाय ठेवता येत नाही. अख्ख्या वर्षात बाहेर पडावं असे हेच अडीच-तीन महिने, आणि नेमकं तेव्हाच मी त्यांना खोलीत बसवायचं. कंटाळतील नाही तर काय! म्हणून यंदा उलटं करणार आहे. गणित, विज्ञान ऑक्टोबरच्या परीक्षेला. मे-जूनमध्ये कूलर लावून बसा म्हणावं, तेव्हा बाहेर जाऊन करायचंय तरी काय? एप्रिलला फक्त मराठी आणि अर्थशास्त्र. सकाळी नऊला बसायचं, साडेअकराला उठायचं. पुढं बाहेर.

— नऊला? आमच्याकडं नऊपर्यंत दोन स्वयंपाक व्हायचे.

— या वयात झोपच उशिरा येते हो त्यांना, शरीराचं घड्याळच सरकतं. सहाला उठवलं तर आठपर्यंत माझी भांडणं आणि नंतर त्यांच्या डुलक्या.

— आणि बाहेर म्हणजे कुठं? कोठीच्या चाटभांडारावर?

— तिथंही. पण रविवारी आबिड्सला. दुकानं बंद असतात, फुटपाथभर जुनी पुस्तकं मांडलेली. मी प्रत्येकाच्या हातात दोनशे रुपये देते आणि काय घ्यायचं ते अजिबात सांगत नाही. थोरल्यानं मोटरसायकल दुरुस्तीचं इंग्रजी पुस्तक आणलं, डिक्शनरी घेऊन वाचतोय. सांगून वाचलं असतं का? आणि एक तारखेपासून नुमाईश.

— नुमाईशला काय शिकायचंय गं? बांगड्या, मिरचीभजी आणि तो मौत का कुआँ!

— काकू, नुमाईश सुरू कुणी केली माहितीय? उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी, १९३८ साली. राज्याची आर्थिक पाहणी करायची होती, पैसे नव्हते, म्हणून प्रदर्शन भरवलं. अजूनही नुमाईश भरवणाऱ्या सोसायटीच्या उत्पन्नावर कॉलेजं चालतात. ते वनिता महाविद्यालय त्यांचंच. आपण मेलं अभ्यास बुडतो म्हणून पोरांना तिकडं पाठवत नाही! थोरल्याला काम दिलंय. काश्मिरी शालवाल्यांच्या पाच स्टॉलवर एकाच प्रकारच्या शालीचा भाव विचारायचा, पहिल्या दिवशी, महिन्यानं आणि शेवटच्या आठवड्यात. भाव का पडतो ते लिहून आण म्हटलं. मागणी-पुरवठ्याचा धडा मी तोंडानं शिकवला असता तर झोपला असता.

— १९३८ म्हणालीस ना? त्याच साली त्याच उस्मानियातून पोरांना काढून टाकलं होतं. आमचे मामंजी सांगायचे. वसतिगृहात वंदे मातरम् म्हटलं म्हणून. शेकडो पोरं. मग नागपूर विद्यापीठानं घेतलं त्यांना. आपले नरसिंह राव त्यातलेच.

— बघा! म्हणजे शाळा-कॉलेज सुटणं आपल्या गावाला काही नवं नाही.

— अगं, त्यांना वंदे मातरम् साठी काढलं होतं. तुझी पोरं पांघरुणातून निघत नाहीत म्हणून घरी आहेत. एवढा फरक राहू दे.

— घ्या, हसा!

— हसत नाही गं. पण पुढं कोण उभं करतं अशा पोरांना?

— मुंबईची मालविका जोशी आहे ना. आईनं सातवीच्या सुमारास शाळेतून काढलं. बारावीचा कागद नाही म्हणून आयआयटीचं दार बंद. पण संगणकाच्या ऑलिंपियाडमध्ये दोन रौप्य, एक कांस्य. चेन्नईच्या गणित संस्थेनं घेतलं, आणि २०१६ साली सतराव्या वर्षी अमेरिकेत एमआयटीला.

— मग सांग की पोरांना ही गोष्ट!

— नक्को! पाहुण्यांना सांगते, नणंदेला सांगते, तुम्हालाही सांगितली. पोरांपुढं तिचं नावही काढत नाही. डिसेंबरात आधीच स्वतःवर खट्टू झालेल्या पोराला एमआयटीची गोष्ट सांगितली तर तो उरलंसुरलं पुस्तकही मिटतो. ती गोष्ट आयांना धीर द्यायला बरी. पोरांना मात्र कुणीतरी खरोखर लागणारं काम द्यावं लागतं. उगीच करायला लावलेलं त्यांना लगेच कळतं, आणि मी दिलेलं काम म्हणजे बहुतेक उगीचच असतं.

— खरोखर लागणारं होय? मग धाकटीला पाठव माझ्याकडं चार वाजता. बँकेनं ठेवीवर व्याज लावलंय, आमचे हे म्हणतात बरोबर आहे, मी म्हणते सहाशे रुपये कमी आहेत. आठ दिवस झाले, बोलणं बंद आहे आमचं.

— बोलणं बंद? मग ते पोरं शाळेत गेली का म्हणून रोज विचारतात ते?

— ते खिडकीकडं बघून विचारतात. पाठवतेस ना? चक्रवाढ आहे, तिमाही. येईल तिला?

— यायला पाहिजे, तोच धडा चाललाय. पण काकू, गणित आहे असं म्हणू नका. काकांना खोटं पाडायचंय म्हणा, पळत येईल.