झाड तोडणे आहे

वळवाचा पहिला पाऊस नाशिकवर आला की आधी वीज जाते आणि मग कॉलेज रोडच्या कुठल्याशा सोसायटीत गुलमोहराची फांदी थेट चेअरमनसाहेबांच्या गाडीवर पडते. सेक्रेटरींच्या गाडीवर पडली असती तर विषय पुढच्या मीटिंगला गेला असता. चेअरमनच्या गाडीवर पडल्यामुळे ठराव त्याच रात्री होतो : झाड धोकादायक आहे. महिनाभर त्याच झाडाच्या सावलीत गाडी कोणी लावायची यावरून दोन बिऱ्हाडांत अबोला होता, ही बाब इतिवृत्तात येत नाही.

ठरावाला पाठिंबा भरपूर असतो. तळमजल्यावरच्या काकूंना पालापाचोळा नको असतो, तिसऱ्या मजल्याला मोबाइलची रेंज हवी असते. एक निवृत्त मास्तर तेवढे म्हणतात, "झाड आपल्या आधीपासूनचं आहे हो." त्यावर त्यांना विचारले जाते, "मग डेंटिंग-पेंटिंगचं बिल तुम्ही देता का, सर?" सर गप्प बसतात आणि ठराव 'सर्वानुमते' मंजूर होतो.

आता झाड तोडणारा शोधायचा. तो शोधावा लागत नाही. त्याचा नंबर कोपऱ्यावरच्या कडुनिंबाला खिळ्याने ठोकलेल्या पत्र्यावर असतो, दहावीच्या क्लासच्या आणि पेइंग गेस्टच्या पाट्यांच्या मधोमध. फोन केला की दुसऱ्या दिवशी माणूस हजर. सोबत एक पोरगा, एक दोर, एक कोयता आणि भाड्याने आणलेली चेन-सॉ. तो झाडाकडे वर बघतच नाही. आधी गेटची रुंदी बघतो, टेम्पो आत येईल का ते पाहतो आणि मग भाव सांगतो. भावाचे शास्त्र सोपे आहे. "लाकूड आमचं असेल तर एक रेट, तुम्हाला ठेवायचं असेल तर दुसरा." गुलमोहराचे लाकूड मऊ, ठिसूळ, वखारीत त्याला कोण विचारतो? "निंब असता ना शेठ, तर आम्हीच तुम्हाला पैसे दिले असते," असे तो म्हणतो, आणि जाता जाता कंपाउंडला लागून उभ्या असलेल्या निरोगी निंबाकडे जरा जास्तच प्रेमाने बघतो. "हा पण तारांना लागतोय, बघा."

येथवर सगळे सुरळीत चाललेले असते. मग कोणाला तरी कायदा आठवतो.

महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 हा कायदा आणीबाणीच्या वर्षातला, तरी झाडांच्या बाबतीत चांगलाच उदार. झाड स्वतःच्या अंगणात, स्वतः लावलेले असले तरी ते वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. अर्ज करायचा, कारण द्यायचे. वृक्ष अधिकाऱ्याने जातीने पाहणी करायची. मग वर्तमानपत्रात जाहीर सूचना आणि तशीच एक नोटीस खुद्द झाडावर, सहज दिसेल अशा जागी. परवानगी मिळाली तरी पंधरा दिवस थांबायचे, तोवर करवत लावायची नाही. या कायद्यात तोडणे म्हणजे केवळ आडवे करणे नव्हे. जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे, हे सारे तोडण्यातच येते. म्हणजे दहावीच्या क्लासवाल्याने, पेइंग गेस्टवाल्याने आणि झाड तोडणाऱ्या शेठने कोपऱ्यावरच्या निंबात खिळे ठोकले, तेही व्याख्येत बसावे. उद्या नोटीस लावणाऱ्या शिपायाने डिंकाऐवजी हातोडी घेतली, तर महापालिकेला स्वतःवरच गुन्हा नोंदवावा लागेल.

2021 च्या दुरुस्तीने तर बहार आणली. पन्नास वर्षे आणि त्याहून जुन्या झाडाला 'हेरिटेज' दर्जा मिळाला आणि झाडाचे जेवढे वय तेवढी नवी झाडे लावायची अट आली. विचार उत्तम आहे. अडचण एवढीच की झाडाकडे जन्मदाखला नसतो. वय बिनचूक सांगायचे तर बुंध्यातली वर्तुळे मोजावी लागतात, आणि उभ्या झाडाचा बुंधा आडवा कापून बघता येत नाही. शिवाय सागाची वर्तुळे स्पष्ट दिसतात, पण आपल्या हवामानातल्या कित्येक झाडांची दिसतच नाहीत. वडाचे वय काढायला जावे तर पारंब्यांचेच खांब झालेले; मूळ खोड कोणते, येथपासून वाद. मग फितीने घेर मोजायचा, जात बघायची आणि अंदाज बांधायचा. अर्जदार झाडाला तरुण म्हणतो, हरकत घेणारा म्हातारे म्हणतो. लग्नाच्या बाजारात याच्या नेमके उलटे चालत असेल.

ही कटकट टाळायचे काही घरगुती उपायही शहरात प्रचलित आहेत. वाळलेल्या झाडाला परवानगी लवकर मिळते, म्हणून आधी झाड वाळवायचे. बुंध्याशी रोज कचरा जाळायचा, मुळात ॲसिड ओतायचे, साल गोल सोलून काढायची. नाहीतर सरळ जोडून सुट्टी बघायची. शनिवारी संध्याकाळी चेन-सॉ सुरू झाली की समजावे, सोमवारी कार्यालय उघडेपर्यंत ओंडके वखारीत गेलेले असतील.

एका गुलमोहरासाठी एवढे. आणि तपोवनात?

2025 च्या नोव्हेंबरात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातल्या झाडांवर खुणा झाल्या. आकडा सुमारे 1,800. त्याच गोदाकाठी, पंचवटीत सीतागुंफेजवळच्या वडांवरही क्रमांक आहेत, पण ते भाविकांना पाच वड ओळखता यावेत म्हणून. तपोवनातली मोजणी वेगळ्या कारणासाठी होती. वनात तप करणाऱ्यांना उतरायला जागा हवी, म्हणून आधी वन बाजूला सारायचे, असा तो बेत. नाशिककर उठले, हरकतींचा पाऊस पडला, सह्याद्री देवराईवाले सयाजी शिंदे येऊन उभे राहिले. मंत्री गिरीश महाजन यांनी तोडलेल्यापेक्षा कितीतरी जास्त झाडे लावू असे सांगितले, आणि आंध्रातल्या राजमहेंद्रीहून चांगली उंचीची तयार 15 हजार झाडे आणायचे ठरले. हे व्यवहाराला धरूनच झाले. द्राक्षे नाशिकची, कांदा लासलगावचा, मग सावली राजमहेंद्रीची का असू नये? शेवटी डिसेंबरात हरित लवादाने तोडीला अंतरिम स्थगिती दिली. वयाइतकी झाडे लावायच्या नियमाने सरासरी वय फक्त दहा धरले तरी 1,800 झाडांच्या बदल्यात 18 हजार होतात, हा हिशेब चौथीतला मुलगाही करील. ती कुठे लावायची, हा प्रश्न मात्र चौथीच्या पुस्तकात नाही.

झाड वाचवणारे नेहमीच बरोबर असतात असेही नाही. 2017 च्या जुलैत मुंबईत चेंबूरला रस्त्याने चाललेल्या एका महिलेवर नारळाचे झाड कोसळले आणि त्या गेल्या. ते झाड काढायचा अर्ज आधी झालेला होता. पाहणीत झाड ठीक ठरले आणि परवानगी नाकारली गेली. कागद पूर्ण होता, झाडाला आतून काय झाले होते ते कागदाला दिसले नाही.

खरी मेख इथे आहे. चौकशी झाडाची होते, मालकाची होते, जागेची होते. करवत धरणाऱ्याची होत नाही. केस कापायला न्हावीसुद्धा ओळखीचा लागतो. साठ फुटी पर्जन्यवृक्षावर मात्र कालपर्यंत टेम्पो चालवणारा माणूस चपला काढून चढतो. कमरेला पट्टा नाही, डोक्याला टोपी नाही, खाली रस्ता चालू.

मोठी फांदी कापायची एक रीत असते. आधी खोडापासून हातभर पुढे, खालच्या बाजूने अर्धवट काप घ्यायचा. मग त्याच्याही थोडे पुढे वरून कापायचे, म्हणजे फांदीचे ओझे उतरते आणि मोडताना खोडाची साल सोलत खाली येत नाही. राहिलेला खुंट शेवटी काढायचा, तोही फांदी खोडाला मिळते तिथला फुगवटा शाबूत ठेवून, कारण जखम भरते ती त्या फुगवट्यातून. आपल्याकडे हे तीन काप एकात उरकतात. साल पार बुडापर्यंत फाटते आणि त्यावर गेरू-चुन्याचा पट्टा मारला की काम सुबक दिसते. वरून शेंडाही उडवतात. त्याला खूप धुमारे फुटतात, सोसायटी खूश होते. पण ते धुमारे सालीला नुसते चिकटलेले असतात, आणि चार पावसाळ्यांनी तेच कोणाच्या तरी गाडीवर येतात. वीजवाल्यांची पावसाळापूर्व छाटणी आणखी पुढची : तारेच्या बाजूचे सारे साफ, दुसऱ्या बाजूचे सारे तसेच. एका अंगाला झुकलेले ते झाड पडले की पंचनाम्यात कारण लिहिले जाते, 'सोसाट्याचा वारा'. बुंध्यापर्यंत घट्ट बसवलेल्या पेव्हर ब्लॉकचा त्यात उल्लेख नसतो.

इंग्लंडात 2023 च्या सप्टेंबरात दोघांनी सिकॅमोर गॅपचे एकच झाड रातोरात कापले. 2025 मध्ये त्यांना प्रत्येकी चार वर्षे तीन महिन्यांची कैद झाली. आपल्या 1975 च्या कायद्यात पूर्वी दंड 1,000 ते 5,000 रुपये होता. गाडीच्या डेंटिंगला याहून जास्त लागतात. त्यामुळे दंडाची भीती घालण्यात अर्थ नाही, ओळख कामी येते. उंटवाडीचा सुमारे दोनशे वर्षांचा वड उड्डाणपुलाच्या आड आला, तेव्हा नाशिककरांनी आवाज उठवला, 2022 च्या सुरुवातीला तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी लक्ष घातले आणि वड वाचला. प्रत्येक गुलमोहराची मंत्र्यापर्यंत ओळख असतेच असे नाही.

तेव्हा महापालिकेच्या सहाही विभागीय कार्यालयांत उद्यान विभागाने अर्जात एक रकाना वाढवावा : झाड छाटणाऱ्याचे नाव, आणि त्याने पाच वर्षांपूर्वी छाटलेल्या, पण अजून उभ्या असलेल्या कोणत्याही तीन झाडांचा पत्ता.