राघूच्या सुरक्षिततेसाठी

लोहाऱ्यात ज्या ज्या ओसरीवर पिंजरा टांगलेला आहे, तिथल्या मालकांचा जाहीर सत्कार व्हायला हवा. बाहेर मांजराचं भय, उन्हाचा तडाखा. म्हणून राघूला हातभर पिंजऱ्यात ठेवलं. उडून दमायला नको म्हणून पंख कातरले. भिजवलेली डाळ, हिरवी मिरची, पेरूची फोड, सगळं वेळच्या वेळी. पाण्याच्या वाटीत शीट पडली तरी पाणी संध्याकाळीच बदलतात. शिस्त म्हणजे शिस्त. ‘पोटच्या पोरासारखा सांभाळतोय,’ असं मालक सांगतात. (पोटची पोरं पुण्याला असतात.) २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, तेव्हा नवं नाव बोलायची राघूला शिकवणीही लागली.

शिकवणीत जरा जपावं. २०१५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात एका पोपटाने शिवीगाळ केल्याची तक्रार झाली. त्याला पोलीस ठाण्यात हजर केलं. तिथं त्याने चकार शब्द काढला नाही. वकिलाचा सल्ला नसताना एवढा संयम! शेवटी त्याची रवानगी वन विभागाकडे झाली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी पोपट पाळणं गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. लोक उगीच याला शिक्षा म्हणतात. शासनाचीही मालकांवर तेवढीच माया आहे: भक्कम गज, दाराशी पहारा, मांजराची बिशाद नाही, आणि डाळ वेळेवर. पेरूचं तेवढं आधी विचारून घ्यावं.