भाऊ-वयनींचा दक्षिण दिग्विजय

कसाल तिठ्यावर मालवणच्या गाडीची वाट बघणाऱ्या माणसाला दोन चिंता असतात. एक, गाडी वेळेवर येईल की नाही. दुसरी, गाडी यायच्या आत भाऊ येतील की काय. भाऊ आले की पाठोपाठ पेरू येतो, पेरूमागून बोलिव्हिया येतो, आणि चिलीची हद्द लागायच्या आत गाडी आलीच तर माणूस देवाला नारळ कबूल करतो.

'जाऊन आलेल्या' माणसाला आपल्याकडे पहिल्यापासून मान. एके काळी तो मुंबईच्या चाकरमान्याला होता. मग काशी-रामेश्वर करून आलेल्यांचे दिवस आले. त्यानंतर टूर कंपनीची एकसारखी टोपी घालून सिंगापूर बघितलेल्यांची पिढी झाली. त्यांना सिंगापूरपेक्षा तिथे मिळालेलं आमटी-भाताचं जेवण जास्त आठवतं. आता आणखी एक जात निघाली आहे, सॅकवाल्या पेन्शनरांची. घरात दोन पेन्शनी, मूल परदेशात, गुडघ्याला पट्टा आणि पाठीवर स्वतःपेक्षा रुंद सॅक, ही या जातीची लक्षणं. असं एखादं जोडपं आता बहुतेक गावांत सापडतं. आमच्या वाट्याला भाऊ आणि वयनी आले.

भाऊ एस.टी.तले निवृत्त कंडक्टर. वयनी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होत्या. जन्मभर त्यांनी फळ्यावर न बघता दक्षिण अमेरिकेचा नकाशा काढला, डाव्या कडेने अँडीजचे डोंगर ओढले आणि "ॲमेझॉन कोणत्या महासागरास मिळते?" या प्रश्नावर पोरांचे कान पिळले. मीना प्रभूंचं 'दक्षिणरंग' वाचनालयातून त्यांनी इतक्यांदा आणलं, की शेवटी ग्रंथपालांनी कार्डावर नोंद करायचं सोडून दिलं. मुलीच्या बाळंतपणासाठी दोघं टेक्सासला गेली. नातू झोपला की ही दोघं भिंतीकडे बघत बसायची. एक दिवस वयनी म्हणाल्या, "शिकवलेला सगळा खरा आसा की नाय, ता एकदा बघून येवया."

जावयाने भीत भीत टूर कंपनीचं नाव काढलं. भाऊंनी ते तिथेच कापलं. "आयुष्यभर गाडी माझ्या घंटीर सुटली. आता मी दुसऱ्याच्या झेंड्यामागसून जातलंय?" पिवळ्या तापाची लस टोचून घेतली, तिचा दाखला रेशनकार्डासारखा प्लास्टिकमध्ये घातला, आणि नोव्हेंबरात दोघं निघाली. परतीची तारीख भाऊंनी आधी ठरवली आणि जायची नंतर, कारण फेब्रुवारीत काजू लागतो. जगातली आश्चर्यं थांबतात, काजूची बी थांबत नाही.

अशा जोडप्याचं एक वैशिष्ट्य असतं. आपण जग बघायला निघालो असं त्यांना वाटतं, प्रत्यक्षात ती जग तपासायला निघालेली असतात. हातात गावची मोजपट्टी आणि पाठीवर गावचं वाणसामान. भाऊंच्या सॅकमध्ये कुळथाचं पीठ, सोलं, मालवणी मसाला आणि शेंगदाण्याचे लाडू होते. कपडे उरलेल्या जागेत.

लिमाच्या बसस्थानकावर भाऊंना पहिल्यांदा परदेशात आल्यासारखं वाटेनासं झालं. तिथे गाड्यांची पोरं गावांची नावं ओरडत होती. "अरेकिपा, अरेकिपा, अरेकिपा!" त्या सुराला आणि आमच्या तिठ्यावरच्या "कट्टा, कट्टा, मालवण!" या सुराला एकाच शाळेत शिकवलं असावं. भाऊ थोडा वेळ ऐकत उभे राहिले, मग त्यांना राहवेना. त्यांनीही आवाज लावला. दोन म्हातारे त्यांच्याकडे तिकीट मागायला आले, असं ते सांगतात. वयनी सांगतात, एकच आला आणि तो रस्ता विचारत होता. पुढे गाडी सुटायच्या आधी एक पोरगा कॅमेरा घेऊन प्रत्येक प्रवाशाचं तोंड टिपत गेला. लांब पल्ल्याच्या गाडीत सुरक्षेसाठी तिकडे असं करतात. वयनींनी पदर सारखा केला. भाऊंना मात्र तो आपल्या खात्याचा अपमान वाटला. "आमी तोंड बघून माणूस वळखी होतो. फोटो कित्याक होयो?"

वाटेत नास्का लागलं. वाळवंटाच्या जमिनीवर दोन हजार वर्षांमागच्या माणसांनी काढलेली माकडं, पक्षी, कोळी, आणि मैलोगणती सरळ रेघा. ती नीट बघायची तर छोट्या विमानात बसावं लागतं. विमानाचं भाडं ऐकून भाऊंची श्रद्धा कमी झाली. रस्त्याकडेला एक लोखंडी मनोरा आहे, मारिया राइके या जर्मन बाईंनी उभारलेला. गणित शिकलेल्या या बाईंनी त्या रेघा मोजण्यात आणि राखण्यात जन्म घालवला. वयनींनी मनोऱ्याला हात लावून नमस्कार केला. वरून दोन हात आणि एक झाड दिसलं. तिसरा होता सरडा, पण त्याच्या अंगावरून पॅन-अमेरिकन महामार्ग गेला आहे. रस्ता आखताना तिथे चित्र आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात निम्मं गाव मोजणीला उभं राहिलेलं पाहिलेले भाऊ कळवळले. त्यांनी गाईडला एकच प्रश्न विचारला. "सरड्याक मोबदलो गावलो काय?"

कुस्को 3,400 मीटरवर. आंबोली जेमतेम त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढी. तिथे भाऊंचा श्वास लागला, बोलणं बंद झालं. वयनी म्हणतात, लग्नानंतर एवढी शांतता त्यांना प्रथमच मिळाली. हॉटेलवाल्याने कोकाच्या पानांचा चहा दिला. भाऊंनी तो पिऊन सोलकढीच्या बाजूने निकाल दिला आणि लगेच फोन लावला. कुस्कोत रात्रीचे साडेनऊ म्हणजे कसालात सकाळचे आठ. माचू पिचूला जाण्याच्या आदल्या रात्री, इंका सम्राटांच्या राजधानीत बसून हा माणूस गड्याला विचारत होता, "काजीर ढेकण्या इलोहा काय? फवारणी झाली?"

माचू पिचूवर गाईडने नेहमीचं सांगितलं. पंधराव्या शतकातलं बांधकाम, चुना न वापरता बसवलेले दगड, आणि 1911 साली हायरम बिंगहॅम या अमेरिकन प्राध्यापकाने जगापुढे आणलेलं शहर. दगडांच्या मुद्द्यावर भाऊंनी सिंधुदुर्ग काढला. 1664 साली महाराजांनी भर समुद्रात पाया घातला आणि पायात शिसं ओतलं असं सांगतात, "तुमच्याकडे शिसां खय आसा?" गाईडकडे नव्हतं. मग त्याने सहज सांगितलं, की बिंगहॅम आला तेव्हा तिथल्या पायऱ्यांवर काही कुटुंबं शेती करत होती. भाऊ ताडकन थांबले. "थय कूळ कसता हा, आणि हेंका म्हणे शोध लागलो! कुळाचा नाव लागला की नाय, ता आधी इचार गे." वयनींनी आपल्या इंग्रजीत कूळकायदा समजावायचा प्रयत्न केला. गाईड तेवढ्यात पुढच्या पायऱ्या चढला.

बोलिव्हियातलं उयुनीचं मीठ हा भाऊंच्या कथनाचा परमोच्च बिंदू. दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठं पांढरंफेक मैदान. इथे वयनी मध्ये बोलतात, कारण आकडे त्यांच्या ताब्यात आहेत. "आपला सिंधुदुर्ग जिल्हो 5,207. म्हणजे दोन जिल्हे नुसता मीठ." शिरोड्याच्या मिठागरावर 1930 साली सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या, आणि इथे कुणी विचारायला नाही, याचं वयनींना नवल वाटलं. भाऊंचं दुःख वेगळं होतं. सगळीकडे बघून ते म्हणाले, "एवढा मीठ, आणि एक बांगडो नाय!"

बोलिव्हियाला समुद्रच नाही. 1879 ला सुरू झालेल्या लढाईत चिलीने त्यांची किनारपट्टी घेतली. तरी त्यांनी नौदल ठेवलं आहे, ते टिटिकाका सरोवरात फिरतं, आणि दर 23 मार्चला सगळा देश समुद्राची आठवण काढतो. हे ऐकल्यापासून भाऊ बोलिव्हियाचे कायमचे हितचिंतक झाले. 2023 च्या नौदल दिनाला मालवणात उन्हात उभं राहिलेला हा माणूस. किनाऱ्याच्या माणसाला गरिबी समजते, दुष्काळ समजतो, पण समुद्र नसणं ही कल्पनाच त्याला सोसत नाही. आमच्याकडे कुणी जेटीबद्दल, मच्छीबद्दल कुरकुर केली की भाऊ त्याला लगेच बोलिव्हियाला पाठवतात.

चिलीच्या हद्दीवर सॅका उघडल्या. तिथे फळं, बिया, पानं यांबाबत फार कडक. अर्जावर खरं लिहायचं असतं. भाऊंचा सल्ला होता की 'नाय' लिहून मोकळं व्हावं. पण बाईंनी जन्मभर पोरांना खरं लिहायला शिकवलेलं. त्यांनी प्रत्येक जिन्नस वेगळ्या ओळीत लिहिला, कागद संपला तेव्हा मागल्या बाजूला लिहिला. तपासनीस बाईंनी सोलं काढून घेतली. पुढे अटाकामाच्या वाळवंटात, जिथे वर्षानुवर्षं धड पाऊस पडत नाही, वयनी आभाळाकडे बघून हळहळल्या. आमच्याकडे मे महिन्यात ढगाची सावली पडली की बायका खळ्यातल्या पापडांवर धावतात, आणि इकडे एवढं ऊन रोज फुकट जातं. सोलं असती तर निदान दुसरं ऊन दाखवता आलं असतं.

इग्वासूच्या धबधब्याला भाऊ मनातून घाबरून होते, कारण आमच्या सावडावच्या धबधब्याची बाजू मांडणं अवघड जाणार हे त्यांना ठाऊक होतं. जवळजवळ पावणेतीन किलोमीटर रुंद, सुमारे पावणेतीनशे धारा, त्यातली मोठी घळ ऐंशी मीटर खोल. भाऊ बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बरो आसा. पण पाणी गढूळ." तेवढ्यात कोआटी नावाचं लांब नाकाचं, शेपटी उभी धरून चालणारं जनावर आलं आणि वयनींच्या हातातली लाडवांची पिशवी घेऊन गेलं. वांदरांशी आयुष्य काढलेले भाऊ काठी शोधू लागले. वयनी शांत होत्या. "रवांदे. भुईमूग मूळचो हेंच्याच खंडातलो. त्येंचाच होता, त्येंनी नेल्यानी."

हे वाक्य भाऊंच्या मनात कुठेतरी रुतून बसलं असावं, कारण पुढचा मुक्काम ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर, नाताल शहराजवळच्या पिरांजी गावी होता. तिथे एक काजूचं झाड आहे. एकच झाड. त्याच्या फांद्या वाढतात, वजनाने भुईला टेकतात, टेकतील तिथे मूळ धरतात आणि पुढे निघतात. असं करत ते सुमारे साडेआठ हजार चौरस मीटरवर पसरलं आहे. गिनेस बुकात त्याची नोंद आहे. भाऊंनी मनात हिशोब केला आणि खाली बसले. चौऱ्याऐंशी गुंठे! दोन एकर चार गुंठे, एका बुंध्याचे, आणि मध्ये एक बांध नाही. भावाभावांत वाटप नाही, कुणाची फांदी कुणाच्या हद्दीत गेली म्हणून ओरोसच्या कचेरीत खेटे नाहीत. "सातबारो कोणाच्या नावार?" त्यांनी रखवालदाराला मालवणीत विचारलं. त्याने पोर्तुगीजमध्ये काहीतरी सांगितलं. दोघांचंही समाधान झालं.

तिथेच वयनींनी शेवटचा धडा घेतला. काजू इथला, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्यात नेला. अननस इथला, बटाटा इथला. मिरचीही अमेरिका खंडातूनच आली. "मिरचेशिवाय मालवणी मसालो म्हणजे नुसते भाजलेले धणे." भाऊंनी सॅकेतली मसाल्याची पुडी काढून बघितली. जन्मभर ज्याच्या जोरावर त्यांनी जगाला नापास केलं, तोच माल इथून गेलेला निघाला. वेंगुर्ला-चार आणि वेंगुर्ला-सातची कलमं लावून ज्याने बाग उभी केली, त्या माणसाला हे पचायला वेळ लागला. पण कंडक्टर तो, सुट्ट्या पैशांचा हिशोब जुळवल्याशिवाय उतरत नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे काजू पण चाकरमानीच! फक्त ह्यो गणपतीक घराक जाणा नाय."

काजू लागायच्या आत दोघं परत आली आणि आमचे हाल सुरू झाले. एक दिवस तिठ्यावर बारावीतल्या एका पोराने विचारलं, "भाऊ, नास्का बघलास. कुडोपी बघलास?" परत आल्यापासून भाऊ पहिल्यांदा गप्प झाले. कुडोपी मालवण तालुक्यातलं. तिथल्या सड्यावर कातळात कोरलेली चित्रं आहेत, लोक त्या जागेला बाहुल्यांचं टेंब म्हणतात. कोकण-गोव्यातल्या इतर आठ जागांसोबत 2022 मध्ये तिचं नाव जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं. इतकी वर्षं भाऊंनी त्या बाजूच्या फेरीवर तिकिटं फाडली, पण वर चढले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दोघं निघाली. सॅक, बूट, टोपी, गुडघ्याचा पट्टा, सगळा थाट तोच. शेजारणीला वाटलं, पुन्हा टेक्सास. कातळावर पोचल्यावर भाऊंनी ऐसपैस उभं राहून निकाल दिला, "बघ गे. विमान नाय, मनोरो नाय, तिकीट नाय. चित्राच्या वर उभ्या रवान चित्र बघूचा!"

"आदी चित्रावयलो पाय काढा," बाईंच्या आवाजात वयनी म्हणाल्या.

भाऊ दचकून बाजूला झाले, सवयीने चौफेर नजर टाकून जमिनीचा अंदाज घेतला आणि विचारलं, "सातबारो कोणाच्या नावार आसतलो?"

"सामायिक आसतलो," वयनी म्हणाल्या. "म्हणानच एवढी वर्सां टिकला."