साहेब खाडीवर रुजू होतात

मुंबईतील बँकेत, विमा कंपनीत किंवा शासकीय कचेरीत तीस-पस्तीस वर्षे सेवा करून, निवृत्तीच्या रकमेतून अलिबाग तालुक्यात पाच-सहा गुंठे जागा व कौलारू घर घेऊन तेथेच मुक्कामी राहणारा गृहस्थ हा रायगडच्या किनाऱ्यावरील आता चांगलाच स्थिरावलेला मानवी प्रकार असून समाजशास्त्राने त्याची दखल घेऊ नये, ही गोष्ट आश्चर्याची म्हटली पाहिजे. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचींनी त्याला या भूमीची चटक लावली आणि २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट माणसे नेणारी रो-रो बोट सुरू झाल्यावर त्याच्या सामानाचीही सोय झाली. गावात त्याला ‘साहेब’ एवढ्याच नावाने ओळखतात, तेव्हा येथेही तेच नाव वापरणे योग्य ठरेल. शहर सोडताना साहेबांनी जाहीर केलेले हेतू तीन असतात: स्वतः धरलेली मासळी खावी, परसात, म्हणजे घरामागच्या झाडाझुडपांच्या मोकळ्या जागेत, येणारे पक्षी पाहावेत आणि उघड्यावर चूल मांडून आपल्या हातांनी रांधावे. तिन्ही हेतू निर्मळ आहेत. अडचण एवढीच, की पस्तीस वर्षांची कचेरी अंगातून जायला निवृत्तीचा आदेश पुरेसा पडत नाही, आणि त्यामुळे साहेब निसर्गाच्या सान्निध्यात जाण्याऐवजी निसर्गालाच आपल्या हाताखाली घेतात.

पहिला कार्यभार खाडीचा. गळाला आमिष लावून दोर पाण्यात सोडायचा आणि मासा लागेपर्यंत बसून राहायचे, याला किनाऱ्यावर ‘गरवणे’ म्हणतात. गावातली पोरे रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोर, शिशाचा एक तुकडा आणि मूठभर कोळंबी एवढ्या भांडवलावर हा उद्योग उत्तम चालवतात. साहेबांकडे चक्री बसवलेला घडीचा दांडा, घडीची खुर्ची आणि ज्याच्या बहुतेक खिशांचे प्रयोजन अद्याप ठरलेले नाही असे एक जाकीट असते. शिवाय या सर्वांहून महत्त्वाची अशी जाड पुठ्ठ्याची नोंदवही असते, जिच्यात दिनांक, तिथी, वारा, पाण्याची स्थिती, आमिष, प्राप्त मासळी व शेरा असे रकाने आखलेले असतात. पहिले पाच रकाने सुवाच्य अक्षरांत भरलेले आढळतात, सहाव्यात बहुधा ‘निरंक’ असते, आणि सातवा इतका भरतो की मजकूर समासात चढतो.

भरतीचे गणित साहेबांना तोंडपाठ असते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते, हा कोकणातला जुना ठोकताळा ते प्रत्येक पाहुण्याला बोटांवर करून दाखवतात: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि दर दिवशी भरती जवळपास पाऊण तासाने पुढे सरकणार. हिशेब खरा आहे, आणि निवृत्त हिशेबनिसाला तो प्राणप्रिय का व्हावा हेही उघड आहे. मात्र अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाला पाणी जोराने चढते-उतरते तेव्हा मासळी फिरते, तर अष्टमीच्या आगेमागे, ज्या दिवसांना ‘भांग’ म्हणतात, पाण्याची ओढच मंदावते. आणि साहेबांना मानवणारी वेळ, म्हणजे पहिल्या चहानंतरची आणि नाश्त्यापूर्वीची सकाळी सहाची, पाऊणपटीच्या नियमानुसार नेमकी अष्टमीलाच भरतीशी जुळते. वाडीचा राखणदार, जो जातिवंत आगरी असल्यामुळे खाडी बघूनच तिथी सांगू शकतो, एवढेच म्हणतो, “सायेब, आज भांग हाय, पानी हलनार नाय.” साहेब हे ऐकून घेतात आणि चौथ्या रकान्यात ‘शांत, समाधानकारक’ अशी नोंद करतात.

पावसाळ्यात माशांच्या विणीचा काळ म्हणून १ जून ते ३१ जुलै या दिवसांत यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. ही बंदी काठावरच्या गळाला लागू नसतानाही साहेब ती स्वेच्छेने पाळतात व तसे गावात आवर्जून सांगतात. या त्यागाचा खाडीतील मासळीवर होणारा परिणाम, बंदीच्या आधी आणि नंतर साहेबांनी केलेल्या मासेमारीच्या परिणामाइतकाच असतो.

या वर्गातील बहुतेकांचा एक मुलगा अमेरिकेत असतो आणि दांडा त्यानेच पाठवलेला असतो. त्या देशात हौशी गळकऱ्याला सहसा राज्याचा परवाना काढावा लागतो, ठरलेल्या मापाहून लहान मासा परत सोडावा लागतो, आणि कित्येक हौशी मंडळी मोठा मासादेखील धरून, फोटो काढून, पुन्हा पाण्यात सोडतात, हे सारे साहेब गावात मोठ्या आदराने सांगतात; त्यातही परवान्याचा भाग सांगताना त्यांचा आवाज किंचित ओला होतो. राखणदार मात्र या परंपरेबद्दल दोन दिवस विचार करून एकच प्रश्न विचारतो: सोडायचाच होता, तर धरला कशाला?

खाडीने दाद दिली नाही की साहेब तळ्याकडे वळतात. अलिबाग-पेणच्या खारेपाटात, म्हणजे बांध घालून समुद्राचे पाणी मागे सारून कसलेल्या सखल, खारट जमिनीच्या पट्ट्यात, घराजवळ तळे राखून त्यात जिताडा वाढवण्याची जुनी रीत आहे. जिताडा हा रायगडातील पाहुणचाराचा कळस समजला जातो आणि अडलेले सरकारी काम त्याच्या एका भेटीने मार्गी लागते अशी त्याची ख्याती आहे. ही ख्याती साहेबांच्या कानांवर सेवेत असताना आली होती, इतकेच येथे म्हणणे सुरक्षित होय. परसात खड्डा खणून, प्लॅस्टिकचा कागद अंथरून साहेब त्यात रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडतात आणि सोबतीला जिताड्याची चार पिल्ले. जिताडा आपल्याहून लहान माशांवर जगतो, ही माहिती पुस्तकाच्या पुढच्या प्रकरणात असल्यामुळे काही महिन्यांत तळ्यातील पटसंख्या चारवर येऊन थांबते. उरलेले चौघे इतके तृप्त असतात की गळाकडे पाहतही नाहीत. त्यांची प्रजा वाढेल ही आशाही फोल, कारण हा मासा आयुष्याचा आरंभ नर म्हणून करतो, काही वर्षांनी त्याची मादी होते आणि वीण खाडीमुखाच्या खाऱ्या पाण्यातच होते. साहेब या स्थित्यंतराला ‘संवर्ग बदल’ म्हणतात आणि पानावर बसलेल्या पाहुण्यांना ते सविस्तर समजावतात.

पक्ष्यांचा विभाग त्यामानाने सुरळीत चालतो, कारण त्यात साहेबांनी काही करण्याची गरज नसते. तरीही ते करतात. आंब्याच्या फांदीला बाजरी भरलेली नळी टांगली जाते. पण ज्या पाहुण्यांसाठी ती टांगली त्यांपैकी तांबट फळांवर, शिंजीर जास्वंदीच्या मधावर आणि दयाळ किड्यांवर जगत असल्यामुळे बाजरीचा लाभ चिमण्या आणि खारी घेतात. हजेरीपट मात्र सर्वांचा ठेवला जातो. दयाळ उन्हाळ्यात उजाडण्याआधीच शेंड्यावर बसून गाऊ लागतो, म्हणून त्याच्या नावापुढे ‘नियमित’ असा शेरा पडतो. भारद्वाजाचे दर्शन शुभ मानले जात असल्याने ज्या दिवशी तो कुंपणाजवळ दिसेल त्या दिवशी साहेब दांडा घेऊन निघतात आणि भारद्वाजाच्या कार्यक्षमतेविषयी साशंक होऊन परततात. सातभाई नावाचे मळकट तपकिरी पक्षी नेहमी टोळीने फिरतात, एकाला काही झाले की सगळे मिळून ओरडतात आणि कोणाच्याही दरडावण्याला भीक घालत नाहीत. साहेबांनी सेवाकाळात कर्मचारी संघटनांशी केलेल्या वाटाघाटी ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना साहेबांचा या पक्ष्यांविषयीचा दुरावा समजू शकेल. कोतवालाचा प्रश्न त्याहून अवघड आहे. हा काळा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून इतरांना पळवून लावतो व त्यांचे भक्ष्य लांबवतो, त्यामुळे ‘शिक्रा, उपस्थित’ अशा ज्या कित्येक नोंदी साहेबांनी केवळ कानांच्या भरवशावर केल्या त्या सर्व संशयास्पद ठरतात. खंड्या हजेरीपटात नाही. तो तळ्याकाठी रोवलेल्या साहेबांच्याच दांड्यावर येऊन बसतो आणि बोटुकली होती तोवर तेथून सूर मारत असे, ही बाब वहीत कोठेही आढळत नाही.

साहेबांच्या पक्षिप्रेमाचा मुकुटमणी म्हणजे सालिम अली. किहीम हे गाव याच तालुक्यात असून १९३० साली तेथे राहून त्यांनी सुगरण पक्ष्याच्या वसाहतीचे निरीक्षण केले, ही गोष्ट साहेब पाहुणा आल्यापासून पहिल्या दहा मिनिटांत सांगतात, आणि सांगण्याच्या ओघात तो अभ्यास जणू आपल्याच कार्यक्षेत्रात, आपल्याच पूर्वसुरींनी केला असा भास उत्पन्न होतो. निरीक्षणाचा गाभा असा, की नर घरटे अर्धवट विणून थांबतो, मादी येऊन त्याची तपासणी करते, पसंत पडले तरच आत राहायला येते आणि आतली मऊ सजावट आपल्या हाती घेते. नापसंत पडले तर नराचे सारे श्रम वाया जातात. या निष्कर्षाची घरगुती बाजू साहेब उलगडून सांगत नाहीत. ती रविवारी आपोआप दिसते.

रविवारी साहेब रांधतात. खाडीने सहकार्य न केल्यामुळे मासळी दारावर आलेल्या कोळणीकडून घ्यावी लागते, आणि तो व्यवहार साहेबांच्या सहधर्मचारिणी पाहतात. कल्ला उचलून आतला लाल रंग तपासणे, डोळा गढूळ नाही ना ते पाहणे आणि कोळणीच्या “ताई, तुला म्हणून देते” या वाक्याला अजिबात न भुलणे, ही त्यांची कामे. साहेब तेवढ्यात सहाव्या रकान्यात ‘बोय, पाच नग’ असे लिहितात. रकान्याचे शीर्षक ‘प्राप्त मासळी’ असे आहे आणि मासळी कशी प्राप्त झाली याचा खुलासा त्यात अपेक्षित नाही, त्यामुळे नियमांचा भंग होत नाही.

परसातल्या चुलीशी साहेब कमरेला पंचा गुंडाळून बसले म्हणजे घरातून मागण्यांचा ओघ सुरू होतो: खोबऱ्याचे वाटण, चिंचेचा कोळ, मासे साफ करून, मीठ-हळद लावून, कोरडी लाकडे, फुंकणी, मोठे पातेले, त्याहून मोठे पातेले. अलिबागचा माळेत गुंफलेला पांढरा कांदा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि जो गोडसर चवीमुळे कच्चा खाण्यातच खरी मजा असते, तो साहेब दिमाखाने वाटणासाठी भाजायला घेतात, तेव्हा तपासणी अधिकारी एक शब्द न बोलता येतात, माळ उचलतात आणि साधे लाल कांदे ठेवून जातात. वाटण आतून आले, मासे आतून आले, तांदळाच्या भाकऱ्या आत होत आहेत. तेव्हा साहेबांकडे ढवळण्याचे काम तेवढे उरते. परंतु माशाच्या कालवणात एकदा तुकड्या पडल्या की डाव घालायचा नसतो, कारण तुकडी मोडते. पातेलेच दोन्ही कडांना धरून अलगद फिरवायचे असते. हे ज्ञान साहेबांना दरवेळी ऐनवेळी, खिडकीतून, चढ्या आवाजात मिळते. त्यानंतर ते चुलीपुढे पूर्ण अधिकाराने आणि पूर्ण रिकाम्या हातांनी बसलेले दिसतात, आणि कालवण उत्तम होते. पाहुण्यांना त्याची कृती साहेब सांगतात.

थंडीत पोपटी होते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा व मीठ असे थर भरायचे, तोंड त्याच पाल्याने बंद करायचे, मडके शेतात उपडे ठेवून भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या आणि पाण्याचा थेंबही न घालता सगळे आपल्याच वाफेवर शिजू द्यायचे, अशी ही रायगडची उघड्यावरची मेजवानी आहे. साहेब हातातल्या घड्याळाकडे पाहून तीस मिनिटे झाल्याचे जाहीर करतात. राखणदार मडक्यावर पाण्याचे शिंतोडे उडवतो, आवाज ऐकतो आणि “अजून नाय” म्हणतो. उपस्थितांपैकी कोणीही घड्याळाच्या बाजूने मत देत नाही.

एवढ्या वर्णनावरून लक्षात आलेच असेल, की या कार्यालयाचा खरा कारभार जो चालवतो त्याचे नाव कोणत्याच वहीत नाही. तो वर्षातून काही दिवस रजा घेतो, आणि त्या रजा बहुधा लग्नसराईत, एखाद्या पुतण्याच्या हळदीला पडतात, कारण आगरी घरातली हळद ही रात्र जागवण्याची गोष्ट असते. अशाच एखाद्या संध्याकाळी, उधाणाच्या पाण्यात, दांडा अर्ध्यावर वाकतो, चक्री कर्र करून सुटते आणि साहेबांच्या कारकिर्दीतला पहिला मोठा मासा गळाला लागतो. साहेब एका हाताने दांडा आवळून दुसऱ्या हाताने फोन लावतात. पलीकडे डीजेचा दणदणाट आणि त्यातून राखणदाराचा आवाज: “सायेब, खेचू नका, ढिला सोरा!” नेमका किती ढिला, आणि किती वेळ, याची स्पष्ट सूचना साहेब मागतात, तेवढ्यात तंगूस तटकन तुटतो. रजा पूर्वमंजुरीशिवाय घेतल्याबद्दल खुलासा द्यावा लागेल, असे साहेब फोनवरच बजावतात. पलीकडे क्षणभर विचार होतो आणि उत्तर येते, “जाव द्या सायेब, बाईंना घेऊन हलदीला या. जितारा केलाय.”