पत्रास कारण की, बॅटरी उतरली

रा. रा. गाडीमालक,
मूळ मुक्काम आमची वाडी, गिरगाव, दुसरा मजला, खोली कुलूपबंद. हल्ली मुक्काम बोरिवली, टॉवर, मजला बावीस.



आपली रुपेरी गाडी वाडीच्या दरवाजातून आत शिरल्याबरोबर डाव्या हाताला, जिथे ठेवून गेलात तिथेच, गेले चौदा महिने सुखरूप उभी आहे. काळजी नसावी. कव्हर पहिल्याच पावसात फाटलं, पण त्याच्या खोलग्यात पाणी साचून डासांची सोय झाली. बॉनेटखाली मांजर व्याली, बाळ-बाळंतीण खुशाल आहेत. जुलैत बॅटरी शेवटचे आचके देत होती, तेव्हा गाडीच्या अलार्मने तीन रात्री वाडी जागी ठेवली. गणपतीत मूर्तीची ट्रॉली तिच्यापाशी अडली आणि मंडळाच्या पोरांनी आपल्या सात पिढ्यांचा यथासांग उद्धार केला. २०२५च्या ऑक्टोबरात गिरगावच्या पोटातून मेट्रो धावायला लागली. जमीन पोखरून लोकांनी बोगदा काढला, गाड्या सोडल्या, स्टेशनाला गिरगाव नाव दिलं. आपली गाडी मात्र वीतभर सरकली नाही. या सातत्याबद्दल वाडीच्या वतीने अभिनंदन.

आता मंगळवारचं सांगतो.

रात्री पावणेदोनला आठ नंबरच्या काकूंच्या छातीत कळ आली. अँब्युलन्स वीस मिनिटांत खाडिलकर रोडवरून वाडीच्या तोंडाशी आली आणि तिथेच थांबली. दगडी खांब आणि आपली गाडी यांच्यामधून स्कूटर जाते, मांजर जाते, घाईत असलेला बारीक माणूस जातो. अँब्युलन्स जात नाही. ड्रायव्हर उतरला, त्याने टॉर्च मारला आणि विचारलं, "कोणाची आहे? काढा ना." इतका साधा प्रश्न होता. आम्ही नऊ जण होतो, एकालाही उत्तर देता येईना.

आपल्याला फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. बाविसाव्या मजल्यावर झोप शांत लागत असेल, वर डासही येत नसतील.

मग ढकलायला गेलो. गाडी ऑटोमॅटिक, गिअर पी-वर, पुढची चाकं जाम. मागची तरी फिरतील म्हणून मागून रेटलं, तर हँडब्रेक खेचलेला. अख्खा पावसाळा हँडब्रेक लावून गाडी ठेवली की ब्रेकचे शू ड्रमला धरून बसतात, हे आपल्याला ठाऊक नसावं. नऊ माणसांनी 'गणपतीबाप्पा' म्हणून जोर लावला. गाडी स्प्रिंगांवर डुलली आणि परत जागच्या जागी. एका पोराने पेव्हर ब्लॉक उचलला, म्हणाला, "काच फोडतो, दार उघडू." मी त्याचा हात धरला. का धरला, ते पुढे येईल. त्या क्षणी माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं.

शेवटी काकूंना मंडळाच्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचललं. दारापासून अँब्युलन्सपर्यंत साठ-पासष्ट पावलं, फरशी ओली. आपल्या बंपरपाशी वळताना खुर्चीचा एक पाय फाकला आणि काकू एका बाजूला कलल्या. ऑक्सिजन लावायला अजून वीस पावलं होती आणि ती बाई पोरांना म्हणत होती, "जड आहे रे मी, कंबर सांभाळा." एक चप्पल तिथेच पडली. सकाळपर्यंत ती आपल्या चाकाशी होती.

बुधवारी आपला फोन आला. काकूंची चौकशी केलीत, वाईट वाटलं म्हणालात आणि वर, "बॅटरीच उतरली असणार. रविवारी येऊन जम्पस्टार्ट मारतो."

मारतो! साहेब, मी आयुष्यभर लिफ्टची कामं केली. लाइट गेल्यावर अडकलेला माणूस मजल्यावर आणून सोडायला लिफ्टलाही बॅटरी असते. बॅटरीकडे चार-चार महिने न बघणाऱ्या सोसायट्या मी पाहिल्यात आणि मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसंही बाहेर काढलीत. तेव्हा बॅटरीबद्दल मला ऐकवू नका, ऐकून घ्या.

गेल्या खेपेला आपण आलात, शेजारच्या टॅक्सीवरून वायरी लावल्यात, गाडी चालू केलीत, एसी लावलात, गाणी लावलीत, सीट मागे न करता गुडघे स्टिअरिंगला टेकवून दहा मिनिटं बसलात, गाडी बंद केलीत आणि हात झटकून निघालात. मी गॅलरीतून बघत होतो. इंजिन जागच्या जागी फुरफुरत असताना अल्टरनेटर जी वीज काढतो, तिच्यातली बरीचशी एसीचा पंखा आणि गाणीच खातात. उरलेली दहा अँपिअर बॅटरीत जाते असं उदार मनाने धरू. दहा मिनिटांत दीड-दोन अँपिअर-अवर. आता खर्च बघा. गाडी बंद केली तरी आतलं सगळं झोपत नाही. अलार्म जागा, घड्याळ जागं, रिमोटची हाक ऐकणारा कान जागा, इंजिनाचा कॉम्प्युटर डुलक्या घेतोय. सगळ्यांचे मिळून पन्नास मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला सव्वा अँपिअर-अवर उडाले. म्हणजे आपण दहा मिनिटांत जे कमावलंत ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत संपलं. तेव्हा आपण बोरिवलीला पोचून जेमतेम एक रात्र झोपला होता. बॅटरी पस्तीस अँपिअर-अवरची. भरलेली ठेवून गेलात तरी महिन्यात खडखडाट. आपण रिकामी ठेवून गेलात.

आणि रिकामी बॅटरी नुसती रिकामी राहत नाही. प्लेटांवर शिशाचं सल्फेट धरतं. लगेच चार्ज केलं तर ते विरघळतं. महिनोन्‌महिने तसंच राहू दिलं की त्याचे खडे होतात आणि मग चार्जर लावा, नवस बोला, ती पूर्वीची बॅटरी होत नाही. आमच्या हवेत तर भरलेली बॅटरीही आपली आपण लवकर उतरते, कारण उष्णता वाढली की आतली झीज वाढते. आपण गेल्यावर मी मीटर लावून पाहिला होता. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना साडेबाराच्या थोडी वर दाखवते. बारावर आली की पाव उरली समजायची. जम्पस्टार्टनंतर आठ दिवसांनी आपली दाखवत होती नऊ पॉइंट आठ. दहा नंबरच्या पान्याने निगेटिव्हची क्लॅम्प तेवढी काढून ठेवा, असं फोनवर म्हटलं, तर आपण म्हणालात, "नको, घड्याळ रीसेट होतं."

चौदा महिने एका जागी उभ्या असलेल्या गाडीला किती वाजले ते कळायला हवं होतं.

माझा मावसभाऊ नारायणगावचा. शेतकरी. कामं संपली की त्याचा ट्रॅक्टर गोठ्याशेजारी उभा राहतो तो कधी कधी दोन-दोन महिने. तो आधी निगेटिव्ह काढतो, टर्मिनलवरची पांढरी बुरशी सोड्याच्या गरम पाण्याने धुतो, व्हॅसलीन लावतो, बॅटरीत पाणी बघतो, महिन्यातून एकदा रात्रभर चार्जिंगला लावतो. ट्रॅक्टर लावतो उतारावर, म्हणजे सगळं फसलं तरी ब्रेक सोडला, गिअरात टाकला की सुरू. एकदा मी विचारलं, एवढं कशाला? म्हणाला, "वाफसा आला की त्या दिवशीच लागतो, दुसऱ्या दिवशी तो गेलेला असतो." त्याला कुणी पत्र लिहावं लागत नाही. गिरगावात उतार नाही आणि ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून चालू होतही नाही. पद्मिनी टॅक्सी होत्या तेव्हा पॅसेंजरच खाली उतरून ढकलायचे आणि परत आत बसून भाडं द्यायचे. शेवटची पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून गेली. तिच्याबरोबर धक्का मारून सुटण्याची सोयही गेली.

शिसं आणि ॲसिडची ही बॅटरी प्लान्ते नावाच्या फ्रेंच माणसाने १८५९ साली केली. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावायला लागून तेव्हा सहा वर्षं झाली होती. इतकी जुनी वस्तू आहे ही. तिच्यात न कळण्यासारखं काही नाही. उगाच माझ्याशी "आजकालच्या गाड्या कॉम्प्लिकेटेड" म्हणून बोलू नका.

मला खरं कारण माहीत आहे, ते सांगू? टॉवरमध्ये एकच पार्किंग मिळालं, त्यात मोठी गाडी उभी आहे. आणि वाडीची रीडेव्हलपमेंट कधी ना कधी होईल, तेव्हा कुलूपबंद खोलीबरोबर गाडीचीही मोजणी व्हावी, म्हणून हा खुंटा ठोकून ठेवलाय. रस्त्यावर असती तर बेवारस म्हणून केव्हाच उचलून नेली असती. वाडी पडली खासगी. तेव्हा आमच्या दरवाजात तुमचा सातबारा चार चाकांवर उभा आणि आमच्या काकू खुर्चीत! लाज वाटायला हवी होती रे तुला. त्याच काकूंच्या घरी तू दहावीचा अभ्यास करायला बसायचास, कारण तुमच्याकडे पाहुणे असायचे. रात्री अकराला तुला कॉफी करून द्यायची ती बाई. एक फोन उचलता आला नाही तुला?

बघ, 'आपण'वरून 'तू'वर आलोच. आता परत जात नाही.

काच का फोडू दिली नाही ते सांगतो. पोराने ब्लॉक उचलला तेव्हा मी मोबाइलचा टॉर्च लावून आत गिअर बघत होतो. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरच्या शेजारी एक छोटं झाकण असतं, ते काढून आत किल्ली खुपसली की बॅटरी नसतानाही गिअर सुटतो. ते शोधत होतो. झाकण दिसलं नाही. दिसली ती लाकडी मण्यांची सीट, मधले मणी झिजून पिवळे पडलेले. आणि गिअरमागच्या खाचेत तुझ्या अण्णांच्या चष्म्याचं तपकिरी घर.

अण्णांचं गाडीवर प्रेम होतं असं मी म्हणणार नाही, त्यांचा गाडीशी करार होता. छापखान्यातून रिटायर झाले, डावा गुडघा गेला होता, क्लच दाबवेना म्हणून आयुष्यातली पहिली गाडी घेतली ती ऑटोमॅटिक. वाडीत हसलो आम्ही. दर रविवारी सकाळी सातला खाली. चौपाटी, वाळकेश्वर, तीन बत्ती, परत. बरोब्बर अर्धा-पाऊण तास, एसी बंद, खिडक्या उघड्या. बॅटरीला एवढं लागतंच म्हणायचे. कुठे जायचं म्हणून ते जात नव्हते, गाडी बसून राहू नये म्हणून जात होते. आणि कुणाकडे सामान आलं, कुणाचं लग्न असलं, कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की दरवाजातून नुसती हाक मारायची. बनियनवर खाली यायचे, अर्ध्या मिनिटात गाडी रस्त्यावर. त्या जागेवर ते ती नऊ वर्षं लावत होते आणि कुणाची कधी तक्रार नव्हती.

चष्म्याचं घर बघितल्यावर मला तुझी ती दहा मिनिटं आठवली. गाणी कसली लावली होतीस ते गॅलरीत ऐकू येत नव्हतं. तुझे हात स्टिअरिंगवर होते, मोबाइल हातात नव्हता. तू सहा फुटी, अण्णा सव्वापाच. गुडघे टेकत होते तरी तू सीट मागे घेतली नाहीस. मी तेव्हा मनात म्हटलं, मूर्खाला सीट सरकवता येत नाही. मंगळवारी रात्री दोन वाजता कळलं, मूर्ख कोण ते.

म्हणून गाडी विक असं सांगायला मी हे पत्र लिहीत नाही. मंडळाच्या पोरांना तेच हवंय, आणि त्यांचं चुकतंय असंही नाही. पण राग गेलेला नाही, हे लक्षात ठेव. काकू शनिवारी घरी आल्या, त्याही खुर्चीतूनच, त्याच बंपरला वळसा घालून. या वेळी खुर्ची लाकडी होती.

रविवारी ये. नवी बॅटरी घेऊनच ये, ही मेली. जम्पस्टार्टच्या वायरी आणू नकोस, मागच्या वेळी शेवटची काळी क्लॅम्प तू थेट बॅटरीवर लावलीस आणि ठिणगी उडाली. ती इंजिनाच्या लोखंडावर लावायची असते, नाहीतर बॅटरीतून निघालेला वायू पेटतो. पाना माझ्याकडे आहे. एक चार्जरही आणून ठेवलाय, बॅटरी भरली की आपण होऊन थांबणारा. माझ्या गॅलरीतून वायर सोडतो. महिन्याला तीन-चार युनिट जातील, ते बेस्टच्या बिलात माझे मी बघीन. एक किल्ली माझ्याकडे ठेवून जा, आणि तू नसशील त्या रविवारी मी फिरवून आणीन. माझं लायसन्स अजून चालू आहे, विचारून घेतलंय.

चाकं सुटायला थोडा वेळ लागेल, ड्रमवर हातोडी मारावी लागेल. मांजराची पिल्लं आधी काढू. मग पहिली फेरी वाळकेश्वरची. काकू मागे बसणार म्हणतात, त्यांना हवा खायची आहे.

सीट मागे घ्यायची की नाही, ते तुझं तू बघ.

कळावे,
तुझा,
नऊ नंबरवाला काका

ता. क. – परत लावताना हँडब्रेक खेचू नकोस. चाकाला लावायला दोन विटा ठेवल्यात.