मधली जाळी

विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत बॅडमिंटनची ‘कम्युनिटी’ स्थापन झाली तेव्हा कोर्ट नव्हतं. व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्याला सात ॲडमिन होते आणि ‘गुड मॉर्निंग चॅम्प्स’ होतं. कोर्ट मागाहून आलं. पाण्याच्या टाकीवरच्या स्लॅबवर पांढरे पट्टे ओढले आणि उद्घाटनाला प्रभागातले एक ‘भावी’ बोलावले. फ्लेक्सवर अकरा चेहरे होते, त्यांच्या मागची रॅकेट टेनिसची होती. सांगलीचे बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर 1956 साली क्वालालंपूरला सेलांगोरची स्पर्धा जिंकून आले, 1961 मध्ये पहिल्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी झाले आणि पुढे पुण्यातच राहिले. पण बाराव्या चेहऱ्याला फ्लेक्सवर जागा नव्हती.

‘भावीं’नी भाषणात सांगितलं की हा खेळ मूळचा पुण्याचा आणि तो समाजाला जोडतो. पहिलं बऱ्यापैकी खरं आहे. दुसऱ्यासाठी थोडं मागे जावं लागेल. इंग्लंडात आधी दोघं जण समोरासमोर उभे राहून फूल नुसतं वर उडवत ठेवायचे. ते पडू द्यायचं नाही, एवढाच खेळ. हरायचं कुणीच नाही. बॅडमिंटन हाऊस नावाच्या हवेलीतल्या एका जुन्या रॅकेटवर 1830 सालचा आकडा लिहून ठेवलेला आहे : 2117 फटके. मग 1870 च्या आसपास पुण्याच्या छावणीतल्या गोऱ्या साहेबांनी जाळी लावून, रेघा आखून त्याचे नियम बांधले. खेळाला नावही ‘पूना’ पडलं. म्हणजे जगाच्या या खेळात पुण्याची भर काय, तर मध्ये जाळी. नाहीतरी दोन माणसं काहीतरी गुण्यागोविंदानं वर उडवत ठेवतात, हे पुण्यात कितीसं टिकलं असतं?

(ती छावणी कॅम्पातली की खडकीची, यावर आमच्या समितीत दीड तास चर्चा झाली. पुरावा कुणाकडेच नव्हता. खडकी जवळ पडते, म्हणून खडकीचा ठराव बहुमतानं मंजूर झाला.)

साहेबांनी एकच जाळी लावली होती. कम्युनिटीनं काम पुढे नेलं. पहिला प्रश्न फुलाचा. पिसांच्या फुलाला सोळा पिसं लागतात आणि त्याचं वजन जेमतेम पाच ग्रॅम. संध्याकाळच्या वाऱ्यात ते एकदा वर गेलं की धानोरीच्या दिशेनं निघतं. शहाण्यानं उघड्यावर नायलॉनचं फूल घ्यावं. पण महाग रॅकेट घेतलेल्या मंडळींना नायलॉन लागलं की मनगट दुखतं. त्यामुळे सहा ते सात पिसं, सात ते आठ नायलॉन, आणि दोन्हीकडचे लोक लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघता मजला मोजतात.

दुसरी जाळी भाडेकरूंची. फ्लॅट भाड्यानं दिला की मालकाकडून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत जादा आकार घेता येतो. तो आमची सोसायटी एक दिवस न चुकता घेते. पण त्या फ्लॅटमधल्या तीन पोरांना स्लॉट द्यायचा म्हटलं की ‘आपल्या संस्कृतीचं काय?’ असा मेसेज येतो. पोरं चांगली खेळतात, ही त्यांच्याविरुद्धची मुख्य तक्रार. शेवटी बी विंगमधल्या निवृत्त सुभेदारसाहेबांनी तोडगा काढला : त्यांनी खेळावं, पण पार्टनर म्हणून समितीचा एक सदस्य घ्यावा. तेव्हापासून ती पोरं खराडीला पैसे भरून खेळतात.

आणि मग पिकलबॉल आला. 1965 साली अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर कंटाळलेल्या पोरांसाठी घरच्या मोठ्यांनी अंगणातल्या जुन्या बॅडमिंटन कोर्टवर हा खेळ जमवला. बॅडमिंटनचं सामान सापडेना, म्हणून लाकडी बॅट आणि भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू घेतला. कोर्ट तेच, 44 बाय 20 फूट. जाळी मात्र कमरेपर्यंत उतरली. पुण्याचा नातू साठ वर्षांनी आजोळी येतो म्हटल्यावर कौतुक व्हायला हवं होतं. झाली जागेची भांडणं. पिवळे पट्टे पांढऱ्या पट्ट्यांवर चढले. जाळीची उंची पाच फूट की तीन, यावर खांबालाच कुणीतरी कुलूप लावलं. चावी सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी मुलीकडे न्यू जर्सीला.

पिकलबॉलविरुद्ध लेखी तक्रार आवाजाची आली. चेंडू बॅटवर टक्‌ टक्‌ वाजतो, ए विंगच्या पहिल्या मजल्यावर झोप लागत नाही. तक्रार बैठकीत वाचली जात असताना लोहगावहून एक सुखोई उठलं. सगळे नेहमीप्रमाणे तोंड उघडं ठेवून थांबले, विमान गेल्यावर त्याच शब्दापासून वाचन पुढे सुरू झालं, आणि टक्‌ टक्‌ असह्य असल्याचं सर्वानुमते नोंदवलं गेलं.

सध्या जाळी ऑफिसात बंद आहे आणि कम्युनिटी ग्रुपवर जोमात आहे. खेळाडू घडवण्याची पंचवार्षिक योजना आहे, टी-शर्टाच्या रंगावर मतदान चालू आहे. दुपारी दोनला, सगळे पंखा लावून पडलेले असताना, वॉचमनची पोरगी आणि आठव्या मजल्यावरचा शाळकरी मुलगा टाकीवर जातात. टाकून दिलेलं, निम्मी पिसं गेलेलं फूल घेऊन नुसतं वर उडवत ठेवतात आणि मोठ्यानं मोजतात. रविवारी एकशे चाळीसपर्यंत गेले होते.

त्यावरही तक्रार आली आहे. पुढच्या बैठकीचा विषय क्रमांक चार : जाळी न लावता खेळणाऱ्यांना पाचशे रुपये दंड. अनुमोदकांची रांग लागली आहे. सूचक ए विंगचा असावा की बी विंगचा, एवढंच अडलंय.