सारा वॉरनची बाजू

– काकू, पाहिला एकदाचा 'ऑल दॅट हेवन अलाउज'! जेन वायमनसाठी जीव तुटला हो. विधवा बाई, वयानं लहान असलेल्या माळ्यावर मन जडलं, तर सगळं गाव नाकं मुरडतंय. आणि ती मैत्रीण, सारा वॉरन. कसली आगाऊ मेली!

– ए, तिला नावं ठेवू नकोस हं. अ‍ॅग्नेस मूरहेड आहे ती! आणि काय वाईट केलं तिनं? पहिल्याच प्रसंगात नेलेली भांडी परत द्यायला येते. आपल्या गल्लीत आठवणीनं कोण देतं सांग.

– भांडी राहू द्या. लग्न करू नकोस म्हणते ना?

– तोंडावर म्हणते. पाठीमागे चुगल्या करते ती मोना. सारा उलट त्या दोघांसाठी स्वतःच्या घरी पार्टी ठेवते, माळ्याची सगळ्यांशी ओळख व्हावी म्हणून. ती फसते, ते सोड.

– आणि एकटेपणावर टीव्ही घे म्हणून सांगते ते?

– तिथं चुकतेच. पण बघ, मैत्रिणीची खरी काळजी आणि 'लोक काय म्हणतील', दोन्ही एकाच चेहऱ्यावर. खलनायिका करून टाकणं सोपं होतं. मूरहेडनं ते केलं नाही. तू तिची फॅनीआत्या बघितलीयस का? 1942चा 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स', ऑर्सन वेल्सचा.

– नाही बाई.

– मग काय बघितलंस! भावाच्या कुटुंबाबरोबर राहिलेली बिनलग्नाची बहीण. ज्याच्यावर हिचा जीव, तो वहिनीच्या मागे. एका प्रसंगात भाच्याला स्ट्रॉबेरीचा केक खाऊ घालत असते. तो बकाबका खातोय आणि ही आडून आडून त्या माणसाची चौकशी करतेय. मग घरातले त्यावरूनच तिची थट्टा करतात आणि ती रडत निघून जाते. कॅमेरा जवळजवळ हलतच नाही. आणि शेवटाकडे, पैसा बुडाल्यावर, बॉयलरला टेकून जमिनीवर बसते. भाचा म्हणतो ऊठ, भाजेल. तर म्हणते, तो गार आहे, कनेक्शन कधीच तोडलंय. हसते की रडते कळत नाही गं.

– जरा नाटकीच वाटतंय, काकू.

– आहेच नाटकी! मेलोड्रामात नाटकीपणा नको तर काय हवं? आवाज बघ तिचा. मुळात रेडिओवर तयार झालेली बाई. 'सॉरी, राँग नंबर' ही 1943ची श्रुतिका तिनं एकटीच्या आवाजावर गाजवली. पुढं 1948मध्ये सिनेमा काढला, तर घेतलं कुणाला? बार्बरा स्टॅनविकला!

– अय्या! का?

– स्टार ना ती. हिचं नाव कायम दुसऱ्या फळीत. सहायक अभिनेत्री म्हणून ऑस्करची 4 नामांकनं, पुरस्कार एकही नाही. फॅनीसाठी न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी मात्र 'सर्वोत्कृष्ट अभिनेत्री' ठरवलं, सहायक-बिहायक काही नाही. त्यांना कळलं म्हणायचं.

– आता बघायलाच हवा.

– आज रात्रीच लाव. वेल्स ब्राझीलला गेला असताना स्टुडिओनं चांगली चाळीसेक मिनिटं कापली मेल्यांनी. 88 मिनिटांचाच राहिलाय, कुकर लावायच्या आधी संपेल. उद्या भाजी घेताना सांग, सारा बरी की फॅनी. मी फॅनीच्या बाजूनं आहे, आत्ताच सांगून ठेवते.